नान्सेनची दुनळी

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘सर्वात’ या शब्दाने सुरू होतो. सर्वात प्रभावी पद्धत कोणती, सर्वात योग्य मॉडेल कोणतं, सर्वात उपयुक्त वनस्पती कोणती. माझाही तसाच होता. आरआरसीसमोर बसल्यावर पॅनेलवरच्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "सर्वात म्हणजे कुणासाठी?" मी त्यांच्याकडे बघत राहिले. उत्तर नव्हतंच.

इंटरनेटवर याच जातीचा एक प्रश्न वर्षानुवर्षं चघळला जातोय. आणीबाणी आली, जगापासून तुटलात, आणि सोबत एकच बंदूक न्यायची असेल तर कोणती? लोक तावातावाने भांडतात. कुणी म्हणतं छर्ऱ्याची, कुणी म्हणतं छोटी पॉइंट टूटू, कुणी म्हणतं मोठी रायफल. तुमच्या-माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी आहे, बंदुकीच्या परवान्याशी आपला संबंध बहुधा कधीच येणार नाही. पण इतिहासात काही माणसांना तो खरोखर सोडवावा लागला, वजनकाटा समोर ठेवून, आणि उत्तर चुकलं तर जीव जाणार होता. त्यातला एकजण आपल्यासारखाच होता. म्हणजे पीएचडीवाला.

फ्रिट्यॉफ नान्सेन आपल्याकडे माहीत असेल तर १९२२ च्या नोबेल शांतता पारितोषिकामुळे किंवा ध्रुवीय मोहिमांमुळे. पण हा माणूस मूळचा प्राणिशास्त्राचा (मीही त्याच विषयाची, म्हणून जरा जास्त जिव्हाळा). मध्यवर्ती मज्जासंस्थेच्या सूक्ष्म रचनेवर त्याने प्रबंध लिहिला. १८८८ च्या एप्रिलअखेरीस त्याची तोंडी परीक्षा झाली आणि काही दिवसांतच तो स्कीवरून ग्रीनलँड ओलांडायला निघाला. व्हायव्हा झाल्यावर आपण फार तर महाबळेश्वरला जातो.

१८९३ मध्ये तो ‘फ्राम’ नावाचं जहाज घेऊन निघाला आणि ते मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं. ध्रुवीय समुद्रातला बर्फ सायबेरियाकडून ग्रीनलँडकडे वाहतो असं त्याचं गृहीतक होतं. जहाज बर्फासोबत वाहत गेलं, पण ध्रुवापर्यंत काही पोहोचणार नाही हे कळल्यावर तो आणि याल्मार योहानसेन असे दोघंच, १४ मार्च १८९५ ला, ८४ अंश उत्तरेवरून पायी निघाले. सोबत २८ कुत्रे, तीन स्लेज, दोन कयाक. माणसांसाठी १०० दिवसांचं अन्न, कुत्र्यांसाठी ३० दिवसांचं. जहाज वाहत राहणार, त्यामुळे परत जहाजावर येणं शक्य नाही हे निघतानाच ठरलेलं. योहानसेनबद्दल एवढंच सांगते, की या मोहिमेत जागा मिळावी म्हणून त्याने जहाजावर कोळसा ओढणाऱ्याचं काम पत्करलं होतं.

आता बंदुका. त्यांनी दोन घेतल्या, दोन्ही अगदी सारख्या. प्रत्येक दुनळी, आणि दोन नळ्या दोन वेगळ्या प्रकारच्या. एक २० बोअरची गुळगुळीत नळी, छर्ऱ्यांसाठी. दुसरी पॉइंट ३६० एक्सप्रेस, आटे पाडलेली, गोळीसाठी. काडतुसं गोळीची सुमारे १८० आणि छर्ऱ्यांची १५०.

ज्यांना यातलं काही कळलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबते. ‘बोअर’ हे माप उलटं चालतं. नळीच्या तोंडाएवढ्या व्यासाच्या शिशाच्या किती गोळ्यांचं वजन एक पौंड भरेल, तो आकडा म्हणजे बोअर. म्हणून बारा बोअरचं तोंड वीस बोअरपेक्षा मोठं. आटे म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या मळसूत्री खाचा. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी आपली दिशा धरून ठेवते. छर्रे मात्र त्याच नळीतून सोडले तर फिरकीमुळे वाट्टेल तसे पसरतात. थोडक्यात, उडता पक्षी आणि दूरचं अस्वल या दोघांसाठी एकच नळी चालत नाही. कोकणातल्या वाचकांनी ठासणीची बंदूक पाहिली असेल, तिच्यात एकाच नळीत कधी छर्रे, कधी गोळी ठासतात. चालतं, पण दोन्हीत तडजोड असते. नान्सेनने ती तडजोड नळीत न करता संख्येत केली: प्रत्येक प्रकारचा एकच बार, मग पुन्हा भरा.

अनेक गोळ्या एकदम भरता येणाऱ्या रायफली तेव्हा होत्याच. मग ही का? माझ्या मते उत्तर ‘दोन्ही सारख्या’ या दोन शब्दांत आहे. एकीचं काडतूस दुसरीत चालतं. एक समुद्रात गेली तरी सगळा साठा उपयोगी राहतो. एक मोडली तर तिचे भाग दुसरीला लावता येतात. शिवाय दुनळीत हलणारे भाग कमी, आणि उणे चाळीसच्या थंडीत हलणारा प्रत्येक भाग हा एक प्रश्न असतो. वंगण घट्ट होतं. उबेतून बंदूक बाहेर आणली की तिच्यात साचलेला दमटपणा गोठतो. म्हणून आर्क्टिकमध्ये आजही बंदूक तंबूत न घेता बाहेरच ठेवायची पद्धत आहे. ईशान्य ग्रीनलँडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवरून गस्त घालणारी डेन्मार्कची सिरियस तुकडी कित्येक दशकं पहिल्या महायुद्धाच्या काळातली बोल्टची रायफल वापरत राहिली, याचंही कारण हेच. नवं म्हणजे चांगलं हे समीकरण तिथे चालत नाही.

पण मला या यादीत बंदुकीपेक्षा काडतुसांचे आकडे जास्त बोलके वाटतात. एकूण ३३०. दुकान नाही, परतीची तारीख नाही. म्हणजे प्रत्येक चाप ओढण्याला एक किंमत आहे. एका काडतुसात एखादा समुद्रपक्षी मिळाला तर दोघांना धड एक वेळचंही होत नाही. तेच एक काडतूस अस्वलावर लागलं तर कित्येक दिवसांचं मांस, वर चरबी, म्हणजे इंधन, आणि कातडं, म्हणजे अंथरूण. हा हिशोब त्यांच्या सगळ्या वागण्यात दिसतो.

सर्वात क्रूर रूपात तो कुत्र्यांच्या बाबतीत दिसतो. अन्न संपत आलं तसं एकेका कुत्र्याला मारून बाकीच्यांना घालायचं, हा बेत निघण्याआधीचाच. गोळी घालणं दयेचं झालं असतं. पण २८ काडतुसं म्हणजे साठ्याच्या साडेआठ टक्के. म्हणून त्यांनी सुरी वापरली. नान्सेनने हे लपवलेलं नाही, आणि लिहिताना त्याला शरम वाटतेय हेही जाणवतं. ऑगस्ट १८९५ मध्ये बर्फ संपून मोकळं पाणी लागलं तेव्हा दोनच कुत्रे उरले होते, प्रत्येकाचा एकेक. कयाकमध्ये त्यांना नेणं शक्य नव्हतं. त्या दोघांसाठी मात्र त्यांनी एकेक काडतूस खर्च केलं. स्वतःचा कुत्रा मारवेना, म्हणून नान्सेनने योहानसेनचा मारला आणि योहानसेनने नान्सेनचा.

३३० मधली ही दोन काडतुसं कुठल्याही हिशोबात बसत नाहीत. डेटा साफ करताना असे दोन बिंदू आपण ‘आउटलायर’ म्हणून काढून टाकतो.

त्याच सुमारास, काही दिवस आधी, अस्वलाचा प्रसंग घडला. पाण्याच्या चिंचोळ्या पट्ट्याजवळ दोघं कयाक उतरवत होते. नान्सेनचा कयाक काठावर, आणि बंदूक कयाकवर, तीही खोळीत. मागे धडपड ऐकू आली. योहानसेन उताणा पडलेला, अस्वल त्याच्या अंगावर, आणि त्याने एका हाताने अस्वलाचा गळा धरलेला. नान्सेनने बंदुकीसाठी झेप घेतली आणि तेवढ्यात कयाक घसरून पाण्यात गेला. तो आधी ओढून वर घ्यायचा, मग खोळ काढायची, मग घोडा चढवायचा. योहानसेनने त्या अवस्थेत त्याला घाई करायला सांगितलं, आणि तेही आदरार्थी बोलून! दोन वर्षं एका जहाजावर आणि पाच महिने एका झोपायच्या पिशवीत काढूनही हे दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होते. शेवटी नान्सेनच्या हाताला जो घोडा आधी लागला तो चढवून त्याने अस्वलाच्या कानामागे बार टाकला. तो बार छर्ऱ्यांचा होता. पक्ष्यांसाठी ठेवलेला. अस्वल जागीच कोसळलं.

आता हे वाचून ‘बघा, दुनळीच श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. जरा थांबा. या प्रसंगात बंदुकीचा प्रकार जवळपास निरर्थक ठरला. एवढ्या जवळून छर्रे पसरत नाहीत, एक गोळा होऊनच घुसतात. फरक कशाने पडला असता? ती खोळीत नसती आणि हाताशी असती तर. तुमच्या प्रयोगातही बघा: आपण व्हेरिएबल म्हणून ज्याच्याकडे टक लावून बसतो ते एक, आणि निकाल फिरवणारं भलतंच काहीतरी. उलट वॉलरसच्या बाबतीत बंदुकीचा प्रकार खरोखर महत्त्वाचा होता. जाड कवटीपुढे ती हलकी गोळी तोकडी पडायची आणि एकेका प्राण्यावर अनेक काडतुसं जायची.

आणखी एक गोष्ट राहिली. १२ एप्रिलला दोघांचीही घड्याळं किल्ली न दिल्यामुळे बंद पडली. अचूक वेळ गेली की रेखांश गेला. त्यानंतर कित्येक महिने आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. जमीन दिसली तरी ती कुठली ते ओळखता येईना. त्यांच्या आणीबाणीतलं सर्वात महाग उपकरण ते घड्याळ होतं, आणि बंदुकीच्या चर्चेत त्याचं नावही निघत नाही.

ऑगस्टअखेर ते फ्रान्स जोसेफ लँडच्या एका बेटावर थांबले. दगडांची खोपटी, वर वॉलरसच्या कातड्यांचं छप्पर, आत चरबीचा दिवा. नऊ महिने अस्वलाचं मांस खाऊन काढले. ३१ डिसेंबर १८९५ ला नान्सेनने सुचवलं की आता आपण अरे-तुरे करूया. वसंतात बाहेर पडले तेव्हा दोघांचं वजन जहाज सोडतानापेक्षा जास्त भरणार होतं. १७ जून १८९६ ला केप फ्लोराजवळ त्यांना इंग्रज प्रवासी फ्रेडरिक जॅक्सन भेटला. शंभर दिवसांच्या शिध्यावर सुमारे ४६० दिवस.

निवड यशस्वी, असं म्हणायचं? इथे मी तुम्हाला दुसरी कहाणी सांगते. ती या कहाणीला अक्षरशः चाटून जाते.

ऑगस्ट १८९६ मध्ये ‘फ्राम’ बर्फातून सुटून घरी परतत होतं, तेव्हा वाटेत ते स्पिट्सबर्गेनजवळच्या डान्सकोया बेटाशी थांबलं. तिथे सालोमन आउगुस्त आंद्रे हा स्वीडिश इंजिनियर हायड्रोजनचा फुगा घेऊन अनुकूल वाऱ्याची वाट बघत बसला होता. फुग्यातून ध्रुवावर जायचं होतं त्याला. त्या वर्षी वारा आला नाही. पुढच्या वर्षी, ११ जुलै १८९७ ला, तो निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नूट फ्रेन्केल यांच्यासह उडाला. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला. तिथून तिघं जड स्लेज ओढत निघाले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्वीतोया नावाच्या बेटावर पोहोचले. तिथेच संपले. १९३० मध्ये ‘ब्राटवाग’ जहाजावरच्या लोकांना त्यांचे अवशेष, डायऱ्या आणि फोटोच्या फिल्म सापडेपर्यंत त्यांचं काय झालं हे कुणालाच माहीत नव्हतं. तेहतीस वर्षं बर्फात पडलेल्या त्या फिल्म धुतल्या आणि बरेचसे फोटो उमटले.

एका फोटोत तिघांपैकी दोघं मारलेल्या अस्वलाशेजारी दिसतात. म्हणजे बंदूक चालत होती. अस्वलं मिळत होती. तिघं उपाशी मेले नाहीत हे तळावर सापडलेल्या अन्नावरून दिसतं. मग मेले कशाने? १९५२ मध्ये एर्न्स्ट ट्रीडे या डॅनिश डॉक्टरने मांडलं की ट्रायकिनेला या कृमीमुळे. तळावरच्या अस्वलाच्या अवशेषांत ही कृमी सापडली होती, आणि अर्धकच्चं मांस हा तिचा राजमार्ग. इतरांनी थंडी म्हटलं, स्टोव्हचा विषारी धूर म्हटलं, यकृतातल्या जीवनसत्त्व अ ची बाधा म्हटलं. ट्रीडेच्या मताला एक साधी अडचण आहे: नान्सेन आणि योहानसेन नऊ महिने तेच खात होते. शिजवण्यात फरक होता का, हा पुढचा प्रश्न. पण एक नक्की. ज्या कसोटीवर आपण नान्सेनची बंदूक पास करतो, त्याच कसोटीवर आंद्रेचीही पास होते. बंदुकीने आपलं काम केलं आणि माणसं मेली.

नान्सेनची निवड शहाणपणाची वाटते कारण ती आपल्याला नान्सेनने सांगितली. जिवंत परत येऊन, पुस्तक लिहून. अब्राहम वाल्ड आणि बॉम्बर विमानांवरच्या भोकांची गोष्ट तुम्ही संख्याशास्त्राच्या तासाला ऐकली असेल. तोच हा दोष. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन हवाई दलाच्या एका केंद्राने नैऋत्य पॅसिफिकमध्ये विमान पडूनही वाचलेल्यांच्या अनुभवांचा अहवाल काढला, त्याचं नावच होतं ‘९९९ वाचले’. उपयोगी अहवाल, पण शीर्षकातच त्याची मर्यादा लिहिलेली आहे.

नंतरच्या काळात हाच प्रश्न सरकारांनी सोडवायला घेतला. अमेरिकेने १९४९ च्या सुमारास वैमानिकांसाठी एम-सिक्स काढली: दोन नळ्या एकावर एक, वर पॉइंट टूटू हॉर्नेट, खाली पॉइंट फोर-टेन छर्रे, मिटून ठेवता येणारी, आणि दस्त्यातच काडतुसं ठेवायची सोय. चाप बोटासारखा बारीक नव्हता, चांगला रुंद होता. जाड हातमोजे घालूनही दाबता यावा म्हणून. नान्सेनचीच कल्पना, छोट्या शिकारीपुरती आटवलेली. सोव्हिएत संघाची टीपी-८२ तर तीन नळ्यांची. दोन गुळगुळीत, खाली एक ५.४५ मिलिमीटरची आट्यांची, आणि काढता येणाऱ्या दस्त्यात चक्क कोयता. १९८६ पासून २००७ पर्यंत ती सोयुझच्या आणीबाणीच्या पेटीत असायची. राकेश शर्मा १९८४ मध्ये जाऊन आले, त्यानंतरची ही गोष्ट.

या बंदुकीची जन्मकथा सगळीकडे एकाच साच्यात सांगितली जाते. मार्च १९६५ मध्ये व्होसखोद-२ मधून परतताना अलेक्सेई लिओनोव आणि पावेल बेल्यायेव नियोजित जागेपासून ३८६ किलोमीटर दूर, पेर्मच्या जंगलातल्या बर्फात उतरले. दोन रात्री तिथे काढाव्या लागल्या. लांडगे-अस्वलांचं भय, हाताशी फक्त पिस्तूल; म्हणून टीपी-८२ जन्मली. लिओनोवच्या आठवणींत लांडगे-अस्वलांची धास्ती आहे, हे खरं. हल्ला मात्र कुणी केला नाही. आणि १९६५ ते १९८६ मध्ये २१ वर्षं आहेत. एका घटनेमुळे दुसरी घडली असं म्हणायला मधल्या २१ वर्षांचे कागद लागतात. लिटरेचर रिव्ह्यूत ‘त्यामुळे’ हा शब्द लिहिताना मी आता दोनदा थांबते, त्याला ही कथा कारण आहे.

मला त्यात काडतुसांची यादी जास्त खरी वाटते: शिकारीची गोळी, पक्ष्यांचे छर्रे, आणि तिसरं, आकाशात सोडायचं इशाऱ्याचं काडतूस. नान्सेनकडे ते तिसरं नव्हतं, कारण वर बघणारं कुणीच नव्हतं. लिओनोवच्या काळी विमानं शोधत होती. आणीबाणी पंधरा महिन्यांची होती ती दोन रात्रींची झाली, आणि पोट भरण्यापेक्षा दिसणं महत्त्वाचं ठरलं. त्याहीपुढे, २०१८ नंतर अमेरिकन हवाई दलाने वैमानिकांच्या आसनाखाली जी शस्त्रं ठेवायला घेतली ती पक्षी मारायची नाहीतच. दोन तुकड्यांत सुटी होणारी ५.५६ मिलिमीटरची लष्करी कार्बाइन आहे ती, शत्रूपासून बचावासाठी. ‘जगणं’ हा शब्द तोच राहिला, पण त्यात आता भुकेऐवजी माणूस आला.

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "मग ताई, नान्सेनला बंदुकीशिवाय जमलं असतं का?" नसतंच जमलं. जॅक्सन भेटायच्या पाच दिवस आधी, १२ जून १८९६ ला, दोघं एका टेकाडावर चढून पुढचं पाणी न्याहाळत होते. एकत्र बांधलेले दोन्ही कयाक दोरी सुटून वाहून जाताना दिसले. बंदुका, काडतुसं, अन्न, सगळं त्यात. अंगावर साधी सुरीही नाही. नान्सेनने घड्याळ योहानसेनच्या हातात दिलं, काही कपडे उतरवले आणि त्या गोठत्या पाण्यात उडी मारली. हातपाय बधिर झाले तरी पोहत राहिला, कसाबसा कयाकवर चढला आणि दातावर दात आपटत परत वल्हवू लागला. वाटेत समोर पाण्यावर दोन ऑक पक्षी बसलेले दिसले. त्याने वल्हं ठेवलं, बंदूक उचलली आणि एकाच बारात दोन्ही पाडले. काठावर उभ्या योहानसेनला वाटलं, याचं डोकं फिरलं. रात्री त्यांनी तेच पक्षी शिजवून खाल्ले.